स्मार्ट मीटरला कोणता पत्ता द्यायचा? आयपीव्ही६ आणि वीजवितरणाचं जाळं

आधी एक साधा हिशेब. इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो; तो देण्याची जुनी पद्धत आयपीव्ही४, नवी आयपीव्ही६. आयपीव्ही४ मध्ये खाजगी वापरासाठी राखून ठेवलेला सगळ्यात मोठा पट्टा १०.०.०.० चा. त्यात एकूण पत्ते १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. महावितरणच्या स्मार्ट मीटर योजनेतला मीटरांचा आकडा सव्वादोन कोटींच्या घरात आहे. एकही पत्ता वाया घालवला नाही, एकही सबनेट, म्हणजे जाळ्याचा तुकडा, अर्धवट सोडला नाही, तरी पन्नासेक लाख मीटर पट्ट्याबाहेर राहतात. २०२१ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आरडीएसएस या वीजवितरण सुधारणा योजनेतलं लक्ष्य तर २५ कोटी मीटरचं. सार्वजनिक पत्ते विकत घेऊन हे भागेल असं कुणाला वाटत असेल, तर जागतिक साठ्यातले शेवटचे आयपीव्ही४ गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था आपल्या शेवटच्या राखीव गटावर आली.

तरीही आयपीव्ही४ वर मीटर चालताना दिसतात. ते कसे? प्रत्येक टेलिकॉम कंपनी आपापल्या खाजगी एपीएनमध्ये, म्हणजे सिमसाठीच्या बंदिस्त जाळ्यात, तोच १०.x चा पट्टा वापरते. एकाच कंपनीची सिम असेपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. दुसरी कंपनी आली की एकाच पत्त्याचे दोन मीटर तयार होतात, एक नांदेडला आणि एक डोंबिवलीत. मग हेड-एंडपाशी, म्हणजे सगळ्या मीटरांशी बोलणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेच्या (एचईएस) दारात, पत्ते भाषांतरित करणारी पेटी, म्हणजे नॅट, बसवावी लागते. तिसऱ्या कंपनीसाठी आणखी एक. या पेट्यांचे तक्ते कोण सांभाळणार यावर पुढे बैठका होतात, आणि रात्री मीटर वाचन अडकलं की दोष नक्की कुठे हे शोधायला सकाळ उजाडते.

मोबाइलला नॅट चालतो, मग मीटरला का नको, हा प्रश्न नेहमी येतो. फोन स्वतःहून बाहेर बोलतो, त्याला कुणी आतून हाक मारत नाही. मीटरचं उलट आहे. वीज तोडणं-जोडणं, मागणीनुसार तात्काळ वाचन, फर्मवेअर (मीटरमधलं सॉफ्टवेअर) चढवणं, टीओडीचे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे, टप्पे बदलणं, ही सगळी कामं एचईएसकडून मीटरकडे जातात. नॅटमागच्या मीटरपर्यंत पोचायचं तर त्याने आधीपासून दार उघडं धरून ठेवायला हवं. यूडीपी या हलक्या पॅकेट-पद्धतीची नोंद नॅटच्या तक्त्यातून दोन ते पाच मिनिटांत पुसली जाते, कुठे त्याहूनही लवकर. म्हणजे दर दोन मिनिटांनी एक 'मी आहे' पॅकेट. दिवसाला ७२० जाणारी आणि ७२० येणारी, प्रत्येकी साठेक बाइट धरली तर महिन्याला अडीच एमबी निव्वळ हजेरीवर खर्च. सिंगल फेज मीटरचा दिवसभराचा लोड प्रोफाइल, म्हणजे वापराची वेळवार नोंद, दर अर्ध्या तासाला एक अशा ४८ नोंदींचा असतो. नोंद ३५ ते ४० बाइटची, म्हणजे १.७ ते १.९ केबी. महिन्याला जेमतेम ६० केबी. मालापेक्षा हमाली चाळीस पट.

आयपीव्ही६ कडे वळण्याचं खरं कारण इथे आहे. पत्ते भरपूर मिळतात ते आहेच, पण मीटर आरएफ मेशवर (मीटर एकमेकांचा डेटा रेडिओने पुढे नेतात ते जाळं) असो, एनबी-आयओटीवर (उपकरणांसाठीचं मोबाइल जाळं) असो की फायबरवर, एचईएसला तो एकाच पद्धतीने दिसतो आणि मधे पत्ता बदलणारं कुणी नसतं. भारतात यासाठीचा रस्ताही बराचसा तयार आहे. दूरसंचार विभागाने आयपीव्ही६ चा पहिला आराखडा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये काढला. मोबाइल जाळी आज मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतात. म्हणजे सिम कंपनीला हे जमतं. अडतं ते मीटरच्या संपर्क-मॉड्यूलपाशी, डीसीयूपाशी (परिसरातल्या मीटरांचा डेटा गोळा करणारी पेटी) आणि सगळ्यात जास्त वीज कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये.

आराखडा: पत्ता जाळ्याचा, मीटरचा नाही

या कामात सगळ्यात जास्त मोह होतो तो आयपीव्ही६ च्या १२८ बिटांमध्ये सगळं कोंबण्याचा. ६४ बिट मोकळे दिसले की कुणीतरी सुचवतंच: अमुक अंक उपकेंद्राचे, अमुक फीडरचे, पुढचे डीटीसीचे (म्हणजे रोहित्राचे), शेवटी ग्राहक क्रमांक. कागदावर सुरेख दिसतं. हे करू नका.

फीडर बदलतो. उन्हाळ्यात भार वाढला की डीटीसी दुसऱ्या फीडरवर टाकला जातो. मीटर जळतो आणि त्याच ग्राहकाकडे दुसरा बसतो. काढलेला मीटर दुरुस्त होऊन तिसऱ्या गावी जातो. मेशमध्ये तर मीटर स्वतःच शेजारचा डीसीयू पकडतो, कारण तिकडचा सिग्नल बरा मिळाला. पत्त्यात वीजजोडणीचा नकाशा भरला असेल तर यातल्या प्रत्येक बदलाला पत्ता खोटा ठरतो. भाडेकरूने घर बदललं म्हणून त्याचा आधार क्रमांक कुणी बदलत नाही. मीटरची ओळख डीएलएमएसमध्ये, म्हणजे मीटर ज्या प्रमाणित भाषेत बोलतो तिच्यात, आधीच आहे: अनुक्रमांकाचा ओबिस कोड (मीटरमधल्या नोंदीचा ठरलेला क्रमांक) ०.०.९६.१.०.२५५ आणि लॉजिकल डिव्हाइस नेम ०.०.४२.०.०.२५५. एचईएसने मीटर याच्यावरून ओळखायचा. पत्ता फक्त आत्ता कुठून पोचायचं ते सांगतो. मीटर चालू झाल्यावर पहिल्या पुशमध्ये, म्हणजे न मागता पाठवलेल्या डेटात, अनुक्रमांक पाठवतो, एचईएस त्या पॅकेटचा स्रोत पत्ता टिपून घेतं, जोडी अद्ययावत होते. ईसिममध्ये प्रोफाइल बदलून सिम कंपनी बदलली की प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा जाळं दाखवणारा पुढचा भाग, बदलणारच. वरची पद्धत असेल तर त्याने काही बिघडत नाही.

आता प्रत्यक्ष वाटणी. आयपीव्ही६ चा स्वतःचा गट भारतात निक्सीच्या आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडून मिळतो. /४८ (म्हणजे पत्त्याचे पहिले ४८ बिट ठरलेले, उरलेले आपल्या हाती) घेतला तर त्यात ६५,५३६ जाळी, प्रत्येक /६४ ची. एका डीसीयूखाली ५०० मीटर धरले तर ३ कोटी २७ लाख मीटर मावतात. आकडा पुरेसा दिसतो, पण सगळं काठोकाठ, गटवारीला जागाच नाही. राज्यभर पसरलेल्या कंपनीने /३२ साठी अर्ज करावा.

/३२ मिळाला की पहिले ४ बिट कामाच्या प्रकाराला द्या: मेश मीटर, सेल्युलर मीटर, उपकेंद्रं, डेटा सेंटर, कार्यालयं. म्हणजे प्रत्येकाला /३६. हे आधी का, तर फायरवॉलचे नियम कामाच्या प्रकारावर ठरतात. मीटरला उपकेंद्राशी बोलायचं काही कारण नाही, आणि हा नियम एका ओळीत लिहिता आला पाहिजे. त्यानंतर मेशच्या बाजूला परिमंडळ. महावितरणची परिमंडळं १६, आणि ४ बिटांत नेमके १६ आकडे मावतात. मोह आवरा. सतरावं परिमंडळ निघालं की आराखडा मोडतो. ८ बिट द्या, /४४ वर या. उरतात २० बिट, म्हणजे परिमंडळामागे १० लाख ४८ हजार ५७६ डीसीयूंची जागा. भरपूर. बिट नेहमी चारच्या पटीत तोडायचे, म्हणजे पत्ता नुसता वाचून गट कळतो, कॅल्क्युलेटर लागत नाही.

सेल्युलर मीटरला हीच वाटणी लावली की फसगत होते. मोबाइल जाळ्यात प्रत्येक सिमला एक अख्खा /६४ मिळतो, मीटर एकच असला तरी. वीस बिटांत १० लाख ४८ हजार सिम, आणि पुण्यासारख्या परिमंडळातले ग्राहक त्याहून कितीतरी जास्त. शिवाय सिमचा पत्ता परिमंडळात ठरत नाही, तो सिम कंपनीच्या गेटवेवर ठरतो. म्हणून इथे परिमंडळ विसरा. सिम कंपनीला ४ बिट द्या, प्रत्येकीला /४०, म्हणजे १ कोटी ६७ लाख सिम. हे पत्ते तुमच्या गटातले असावेत की सिम कंपनीच्या, ते करारात लिहून घ्या. दोन्ही चालतं. तोंडी ठरलेलं मात्र चालत नाही.

/६४ हून लहान जाळं पाडू नका. डीसीयूखाली चारशेच मीटर आहेत म्हणून /१२० देणारे हमखास भेटतात, जुन्या काटकसरीची सवय जात नाही. पत्ता आपोआप बनवण्याची पद्धत ६४ बिटांच्या प्रिफिक्सवरच चालते. ते मोडलं की प्रत्येक उपकरणाच्या वेगळ्या तऱ्हा सांभाळत बसा.

'एफडी'ने सुरू होणारे खाजगी, म्हणजे यूएलए पत्ते वापरावेत का? माझं मत: मीटरसाठी नकोत. एक तर त्यांतले ४० बिट यादृच्छिक निवडायचे असतात, आणि लोक तिथे शून्यं भरतात. मग दोन जाळी जोडायची वेळ आली की पुन्हा तीच टक्कर. दुसरं कारण जास्त चावरं आहे. दोन्ही आवृत्त्या चालू असलेल्या सर्व्हरवर, पत्ता निवडण्याच्या प्रमाणित क्रमवारीत यूएलएचा नंबर आयपीव्ही४ च्या खाली लागतो. म्हणजे तुम्ही आयपीव्ही६ लावलं असं समजता आणि सर्व्हर निमूटपणे आयपीव्ही४ ने बोलत राहतो. त्यापेक्षा स्वतःच्या गटातले जागतिक पत्ते द्या आणि तो भाग इंटरनेटवर जाहीरच करू नका.

मेशमध्ये काय होतं

आरएफ मेशसाठी आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा आहे. मूळ ८०२.१५.४ या प्रमाणकाच्या रेडिओची फ्रेम, म्हणजे एका वेळी पाठवता येणारा तुकडा, १२७ बाइटची, आणि आयपीव्ही६ ची अट अशी की कोणत्याही दुव्याने किमान १२८० बाइटचं पॅकेट न्यायला हवं. मधली दरी ६लोपॅन हा थर भरतो. तो ४० बाइटचा हेडर आवळून काही बाइटांवर आणतो आणि मोठं पॅकेट तुकड्यांत पाठवतो. यूडीपी पोर्टही आवळता येतात, पण पूर्ण फायदा ६१६१६ ते ६१६३१ एवढ्याच सोळा पोर्टना. डीएलएमएसचा ठरलेला पोर्ट ४०५९ त्यात बसत नाही, त्यामुळे दर पॅकेटला तीन बाइट जास्त जातात. एवढ्यासाठी पोर्ट बदलू नका, पुढे एचईएसच्या बाजूला गोंधळ होतो.

तुकडे पडणं हा खरा त्रास. एका पॅकेटचे बारा तुकडे झाले आणि सातवा हरवला, तर बाराही पुन्हा. चार-पाच उड्यांवरच्या मीटरसाठी हे प्रत्येक उडीवर घडू शकतं. म्हणून डीएलएमएस जोडणीत पीडीयूचा, म्हणजे एका संदेशाचा, कमाल आकार ठरवताना रेडिओची फ्रेम डोळ्यांसमोर ठेवा. वाय-सन या मेश-प्रमाणकात वापरला जाणारा ८०२.१५.४जी प्रकार २०४७ बाइटपर्यंतची फ्रेम नेतो, तिथे तुकड्यांचा प्रश्न बहुतेक मिटतो. पण हवेत गोंगाट असेल तर लांब फ्रेम बिघडण्याची शक्यताही वाढते. दाट वस्तीत मधला आकार निवडलेला बरा.

मार्ग ठरवण्याचं काम आरपीएल हा प्रोटोकॉल करतो. डीसीयू मुळाशी, प्रत्येक मीटर आपली 'रँक', म्हणजे मुळापासून आपण किती दूर, ते मोजतो आणि बऱ्यापैकी दुवा असलेला पालक निवडतो. वाय-सनमध्ये मीटर मार्गांचे तक्ते ठेवत नाहीत. खाली जाणाऱ्या पॅकेटच्या हेडरमध्ये डीसीयू सगळा मार्ग लिहून देतो. त्यामुळे वरच्या दिशेचं पॅकेट छोटं आणि खालचं मोठं. पुशने डेटा व्यवस्थित येतोय पण फर्मवेअर खाली जात नाही, असं दूरच्या मीटरांवर दिसलं की पहिला संशय याच हेडरवर घ्यायचा.

यात आपल्याकडची एक अडचण परदेशी पुस्तिकांमध्ये सापडत नाही. मेशमधला मीटर दुसऱ्याचा डेटा पुढे नेतो, तो वीज असेपर्यंतच. शेतीच्या फीडरला पाळीने दिवसा आठ किंवा रात्री दहा तास वीज. उरलेल्या वेळात त्या फीडरवरचे मीटर झोपलेले असतात आणि त्यांच्यावर विसंबलेले गावठाणातले दोन-चार मीटरही तुटतात. गावठाण आणि शेती फीडर वेगळे असतील तिथे दोघांची मेश एकमेकांत मिसळू देऊ नका, वेगळे जाळे-नाव द्या. शेतीच्या फीडरवर सेल्युलरच बरं.

पावसाळ्यात फीडर ट्रिप होऊन परत आला की काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. हजारभर मीटर एका सेकंदात जागे होतात आणि सगळे एकदम जाळ्यात शिरायला धावतात. प्रत्येकाची प्रमाणपत्रं दाखवून ओळख पटवण्याची देवघेव काही किलोबाइटची, रेडिओचा वेग अनेकदा ५० किलोबिट. टक्करी, फेरप्रयत्न, पुन्हा टक्करी. वीज येऊन तास झाला तरी निम्मे मीटर बाहेर, असं चित्र दिसतं आणि दोष रेडिओच्या पल्ल्यावर ढकलला जातो. उपाय तीन आहेत. मीटरने आधीची किल्ली न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत जपायची, म्हणजे पूर्ण ओळखपरेड टळते. जागं झाल्यावर प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबायचं. आणि डीसीयूला बॅटरी द्यायची, म्हणजे मेशचं मूळ जागच्या जागी राहतं आणि मार्गांचं झाड नव्याने उभं करावं लागत नाही. डीएचसीपीव्ही६ ने वाटलेल्या पत्त्यांची मुदतही तपासा. कुणीतरी कार्यालयाच्या सवयीने आठ तास ठेवलेली असते. वादळात दोन दिवस वीज नसलेल्या कोकणातल्या गावात हे मीटर परत आले की सगळ्यांचे पत्ते मुदतबाह्य. महिनाभर ठेवा, इथे पत्ते संपण्याची भीती नाही.

छोटं वाचन होतं, लोड प्रोफाइल अडकतो

हे लक्षण ओळखून ठेवा. मीटरला पिंग, म्हणजे 'आहेस का' असं विचारणारं पॅकेट, लागतो. व्होल्टेज, करंटचं तात्काळ वाचन येतं. बिलिंगची नोंदही येते. लोड प्रोफाइल मागितला की पहिला तुकडा येतो आणि जोडणी लटकते. तीस-साठ सेकंदांनी वेळ संपते. मॉड्यूल बदललं, सिम बदललं, फरक नाही.

दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं. आयपीव्ही६ मध्ये मधला राउटर पॅकेट तोडत नाही. पॅकेट मोठं झालं तर तो पाठवणाऱ्याला 'पॅकेट फार मोठं' असा आयसीएमपीव्ही६ निरोप देतो, प्रकार क्रमांक २. सिम कंपनी आणि डेटा सेंटर यांच्यामध्ये आयपीसेक बोगदा, म्हणजे कूटबद्ध जोडणी, असतो, त्यात साठ-सत्तर बाइट खर्ची पडतात, आणि फायरवॉलवाल्याने आयपीव्ही४ च्या सवयीने आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. निरोप मीटरपर्यंत पोचत नाही. मीटर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

तपासायचं कसं? एचईएसच्या सर्व्हरवरून मीटरला १२३२ बाइट पेलोडचा पिंग द्या. त्यात हेडरचे ४८ मिळवले की बरोबर १२८० होतात, आणि एवढं पॅकेट जायलाच हवं. मग १४५२ चा द्या, तो १५०० होतो. पहिला लागतो, दुसरा गुपचूप मरतो आणि काही निरोप येत नाही, म्हणजे निदान झालं. दुरुस्ती फायरवॉलवर: आयसीएमपीव्ही६ चे प्रकार १ ते ४ आरपार जाऊ द्या, आणि स्थानिक जाळ्यात १३३ ते १३६ हे शेजारी शोधण्याचे प्रकार कधीच अडवू नका. तोवर तात्पुरता इलाज म्हणून टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, १२२० वर बांधा. मोबाइल दुव्यावर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १३५८ ठेवण्याची शिफारस मोबाइलच्या प्रमाणकांमध्येच आहे. मॉड्यूल विकणाऱ्याला हा आकडा विचारून बघा, तो गप्प झाला तर मॉड्यूल नीट तपासलेलं नाही.

एचईएस आणि डेटाबेस

मीटर आयपीव्ही६ बोलायला लागल्यावर सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात याला जेमतेम एक ओळ असते. डेटाबेसमध्ये पत्त्याचा रकाना १५ अक्षरांचा असतो, कारण आयपीव्ही४ तेवढ्यात मावतो. आयपीव्ही६ पूर्ण लिहिला तर ३९ अक्षरं. काही डेटाबेस त्रुटी देतात, काही शेपूट कापून गप्प बसतात. कापलेल्या शेपटांचे दोनशे मीटर एकाच पत्त्यावर दिसू लागतात. मीटरच्या फर्मवेअरमध्येही हाच प्रकार: पुशचं ठिकाण ज्या ऑब्जेक्टमध्ये लिहितात, ०.०.२५.९.०.२५५, तिथे मजकुरासाठी राखलेली जागा अपुरी असते. चौकटी कंस, ३९ अक्षरं, विसर्गचिन्ह आणि पोर्ट, एवढं लिहून परत वाचून पाहा.

पत्ता मजकूर म्हणून साठवूच नका. १६ बाइटचं बायनरी किंवा डेटाबेसचा स्वतःचा आयपी प्रकार वापरा. २००१:डीबी८:०:०:०:०:०:१ आणि २००१:डीबी८::१ हे एकच आहेत, पण लॉगमध्ये शोधताना दोन वेगळे दिसतात. लिहिण्याची एक प्रमाणित रीत आहे: अक्षरं लहान, पुढची शून्यं गाळायची, शून्यांची सगळ्यात लांब ओळ आवळायची. सगळ्या यंत्रणांना तीच सक्तीची करा.

डीएलएमएसमध्ये आयपीव्ही४ च्या मांडणीचा वर्ग ४२ आणि आयपीव्ही६ चा ४८. मीटर पुरवठादार 'चालतं' म्हणतो तेव्हा वर्ग ४८ वाचून मागा आणि त्यातली पत्ता मिळवण्याची पद्धत कोणती ते बघा. हाताने भरलेला पत्ता असेल तर कोटभर मीटर हाताने भरायला माणसं कुठून आणणार?

मीटरवर दोन्ही आवृत्त्या एकदम चालवू नका. दुहेरी पत्ते, दुहेरी नियम, दुहेरी देखरेख, आणि बिघाड झाला की कोणत्या वाटेने गेलं तेच कळत नाही. मीटर आणि डीसीयू फक्त आयपीव्ही६, डेटा सेंटरच्या दाराशी दोन्ही. जुने आयपीव्ही४ आरटीयू (उपकेंद्रातली दूरनियंत्रण यंत्रं) राहतील तिथे नॅट६४, म्हणजे दोन आवृत्त्यांमधलं भाषांतर करणारी पेटी, ठेवा आणि ती पेटी कधी काढायची याची तारीख आजच लिहा.

नॅट गेला म्हणजे दार उघडं पडलं?

नाही. नॅट कधीच कुलूप नव्हता. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, तेव्हा हल्लेखोर ईमेलच्या आमिषातून आत आले आणि व्हीपीएनच्या चोरलेल्या पासवर्डने पुढे गेले. पत्त्यांच्या आवृत्तीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आयपीव्ही६ मध्ये मात्र एक नेहमीची चूक होते: सर्व्हरवर आयपीव्ही४ चे फायरवॉल नियम कडक आणि आयपीव्ही६ चे रिकामे, कारण दोन्हींचे तक्ते वेगळे. चालू करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा.

मीटरपाशी पोर्ट ४०५९ फक्त एचईएसच्या प्रिफिक्सला उघडा. त्यावर डीएलएमएसची स्वतःची सुरक्षा आहेच: क्लायंट (म्हणजे प्रवेशाची पातळी) १६ सगळ्यांसाठी आणि जवळपास काहीच न दाखवणारा, ३२ वाचनासाठी, ४८ बदल करण्यासाठी, आणि एईएस-१२८ चं कूटलेखन. किल्ली मात्र प्रत्येक मीटरची वेगळी हवी. एका लॉटला एकच किल्ली घालून आलेले मीटर परत पाठवावेत, त्यात तडजोड नको.

उपकेंद्राची घाई नाही. उपकेंद्रांच्या आयईसी ६१८५० या प्रमाणकातले गूज आणि सॅम्पल्ड व्हॅल्यू हे संदेश थेट इथरनेटवर जातात, त्यांना आयपी लागतच नाही. आयपी लागतो तो एमएमएस आणि आयईसी १०४ या प्रोटोकॉलना. वीजयंत्रणा आयपीव्ही४ वरून हलवण्यासाठी आयईसीने २०१५ मध्ये ६२३५७-२०० हा अहवालच काढला आहे. चालू उपकेंद्राला हात न लावता नवं उपकेंद्र नव्या पत्त्यांवर उभं करणं, हाच व्यवहार्य मार्ग.

ग्राहकाच्या बाजूला तर आयपीव्ही६ कधीच शिरलंय. सीसीएस२ डीसी चार्जरला इलेक्ट्रिक गाडी जोडली की गाडी आणि चार्जर पॉवरलाइनवरून आयपीव्ही६ च्या स्थानिक पत्त्यांनी बोलतात. गाडी एफएफ०२::१ वर यूडीपी पोर्ट १५११८ ने हाक मारते, चार्जर उत्तर देतो. तिथे आयपीव्ही४ चा पर्यायच नाही. जपानमध्ये घरातलं ऊर्जा नियंत्रक यंत्र स्मार्ट मीटरशी वाय-सनवरून आयपीव्ही६ नेच बोलतं, आणि फ्रान्सच्या साडेतीन कोटी लिंकी मीटरांपैकी बहुतेक वीजतारेतूनच बोलणारं जी३ पीएलसी वापरतात, ज्यात ६लोपॅन आहे. उद्या छतावरचे सौर इन्व्हर्टर भाराप्रमाणे कमी-जास्त करायचे म्हटले तर त्यांनाही आतून हाक मारावी लागणार.

निविदेत काय लिहायचं

'आयपीव्ही६ रेडी' एवढंच लिहिलंत तर पुरवठादार डेटाशीट दाखवतो आणि मीटर आयपीव्ही४ वर लावतो. त्याऐवजी स्वीकृती चाचणी लिहा. एक डीसीयू, किमान वीस मेश मीटर, दोन सिम कंपन्यांचे प्रत्येकी पाच सेल्युलर मीटर. चाचणीच्या जाळ्यात आयपीव्ही४ पूर्ण बंद, स्विचवरच गाळलेलं. त्या स्थितीत सगळे मीटर नोंदले गेले पाहिजेत, ४८ नोंदींचा लोड प्रोफाइल आला पाहिजे, तोडजोडीची आज्ञा पोचली पाहिजे आणि फर्मवेअर चढलं पाहिजे. डीसीयूचं घड्याळही जुळलं पाहिजे. वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरचा आयपीव्ही४ पत्ता फर्मवेअरमध्ये कोरलेला असतो तो इथे उघडा पडतो, आणि घड्याळ चुकलं की टीओडीचं बिल चुकतं. मग सगळ्यांची वीज आधी ३० सेकंद आणि नंतर ७२ तास बंद ठेवायची, आणि दोन्ही वेळा शेवटचा मीटर परत यायला किती मिनिटं लागली ते लिहून घ्यायचं. एका सेल्युलर मीटरचं सिम दुसऱ्या कंपनीचं घालायचं. एचईएसवर कुणीही हात न लावता तो मीटर आपल्या अनुक्रमांकाने, नव्या पत्त्यावर दिसला पाहिजे. या सगळ्याचं पॅकेट कॅप्चर, म्हणजे जाळ्यावरच्या देवघेवीची नोंद, पुरवठादाराने सोपवायचं, आणि पहिलं बिल त्यानंतरच मंजूर करायचं.